सहा दाण्यांची घूस

येरेमीचं म्हणणं पहिल्यापासून एकच:
घुशी फार स्वस्त ठेवल्यात.
सहा दाणे टाकले की एक घूस,
दीड मिनिटात तटाखाली बोगदा,
आणि वर आपण कोल्ह्यांना कवायत शिकवत बसलेलो.
"याला काय युद्ध म्हणायचं?" तो म्हणतो,
आणि पुढच्या डावात स्वतःच घुशी घेतो.

बिटोमच्या या तळघरात चार कॉम्प्युटर,
एक बॉयलर, काकड्यांच्या बरण्या,
आणि शुक्रवारी आम्ही.

ल्युत्सिना करकोचेच घेते.
करकोचे कुचकामी, हे तिलाही मान्य.
ऐन लढाईत हिवाळा लागतो
आणि अख्खी फौज दक्षिणेला निघून जाते
किल्ला उघडा टाकून.
"पण निघताना बघ," ती म्हणते,
आणि आम्ही बघतो,
तिच्याच घरट्यांना आग लावता लावता बघतो.

बोझिदारची तक्रार आवाजाची.
रानडुक्कर मरताना लहान पोरासारखं रडतं.
म्हणून तो आवाज बंद करून खेळतो,
म्हणून मागून आलेला हल्ला त्याला ऐकू येत नाही.
दर शुक्रवारी असा मरतो
आणि दर शुक्रवारी आवाज बंदच.

माझं मत कुणी विचारत नाही.
मला आवडतं ते नंतरचं:
धूर खाली बसतो, मेलेल्यांवर अळंबी उगवते,
आणि खेळ तिचेही दाणे मोजून देतो.

त्या दिवशी अलोयझीआजोबा बरणी न्यायला आले
आणि उभेच राहिले.
एकतीस वर्षं जमिनीखाली काढलेला माणूस
पडद्यावरचा बोगदा बघत होता.
"टेकू कुठायत?"
आम्हाला कळेना.
"लाकडाचे टेकू. आणि यांच्याकडे दिवे नाहीत?
पाणी कुठून उपसतात?
आणि वरचं घर... त्याला काहीच होत नाही?"

"खेळ आहे, आजोबा."

त्यांच्या मागे भिंतीला भेग होती,
भेगेवर प्लास्टरची पट्टी, पट्टीवर तारीख,
आणि पट्टीलाही मधोमध चीर.
आम्ही दाराखाली पुठ्ठा सारतो.
टेबलावर पेन ठेवलं की बॉयलरकडे घरंगळतं.
त्याबद्दल या तळघरात कुणाचंच काही मत नाही.

मग ते बसले. घुशी घेतल्या.
इतकं वाईट खेळताना मी कुणाला पाहिलं नाही.
हल्ला नाही, लूट नाही,
सरळ एक बोगदा, पूर्वेकडे, बारीक उताराचा,
आणि थोड्या थोड्या अंतरावर एकेक घूस नुसती उभी.
"टेकूला," म्हणाले.
मध्येच, कोल्हे वेशीशी आलेले असताना,
त्यांनी सगळ्यांना वर बोलावलं.
"पाळी संपली."

बिळाच्या तोंडाशी, पडद्यावर बोट टेकवत,
ते मोजायला लागले.
एकोणतीस.
पुन्हा मोजल्या. एकोणतीस.
"तीस उतरल्या होत्या."
"कोल्हे आलेत, आजोबा," ल्युत्सिना म्हणाली.
"एक खाली आहे."
"सहा दाणे," येरेमी म्हणाला, "नवी घ्या ना."

बरोबर भाव सांगणाऱ्या दुकानदाराकडे बघावं
तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं
आणि पाच घुशी पुन्हा आत सोडल्या.

कोल्हे येरेमीचेच होते.
एक कळ दाबली असती तर डाव खलास.
बोझिदारने, का कोण जाणे, आवाज चालू केला:
मातीत नखांचा खरखराट,
बराच वेळ नुसता तोच.

"फार स्वस्त ठेवल्यात," येरेमी पुटपुटला,
आणि कोल्ह्यांना वेशीबाहेर
बसवून ठेवलं.