ट्रिमशीट

अठरा आसनांच्या विमानात
माणूस आधी तोलून घ्यावा लागतो.
सांताक्रूझच्या आमच्या काउंटरवर मी म्हणायचो,
बॅगेसकट उभे राहा, हलू नका,
आणि काटा थरथरत कुठेतरी टेकायचा.

काट्याला दीड किलोची खोड होती,
रिकामा असला तरी दीड दाखवायचा.
दुरुस्तीचा अर्ज तीनदा वर गेला,
मग मी मनातच वजा करू लागलो.

पश्चिमा एअरवेज. दोन विमानं,
शेपटीवर बगळा.
सकाळी कोल्हापूर, दुपारी जळगाव,
नांदेड मंगळवारी, धुकं नसेल तर.

जळगावच्या भंगाळेकाकू म्हणायच्या,
आकडा मोठ्याने नको हो.
मी नुसता लिहायचो.
एक आमदार काट्यावर चढेचनात:
आमचं वजन जिल्ह्याला ठाऊक आहे!
मी अंदाजे एकशे दहा टाकले,
कॅप्टन दुबाशांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे,
आणि पंखाजवळची जागा दिली.

नांदेडला बहुधा कुणी नसायचंच.
तेव्हा पास्कल मागच्या खणात
वाळूच्या गोण्या रचायचा.
रिकामं विमान उडवायलाही वजन लागतं
हे मला तिथे कळलं.

मग एका गुरुवारी तेलाचा टँकर
विमानापासून वीस पावलांवर थांबला.
आधी रोख, ड्रायव्हर म्हणाला, खाली न उतरता.
माझे चौदा जण तोलून झाले होते,
बेरीजही झाली होती.
ती शीट अजून आहे माझ्याकडे,
कॅप्टनच्या सहीची जागा कोरी.

एक विमान कर्जवाल्यांनी नेलं.
दुसरं लांबच्या कोपऱ्यात उभं राहिलं दोन वर्षं,
पास्कल दर रविवारी पास काढून जायचा, बिनपगारी,
चाकं थोडी फिरवून ठेवायचा,
टायर एकाच बाजूला बसू नयेत म्हणून.
वारा मोजायच्या नळीत कुंभारीण माशीने
मातीचं घर केलं होतं,
ते तो काडीने काढायचा. ती पुन्हा बांधायची.
शेवटी कुर्ल्याचा भंगारवाला आला.

सात महिन्यांच्या पगारापोटी
मला काटा मिळाला.
कलिन्याच्या घरात, फ्रिजशेजारी असतो.

परवा पास्कल आला, चपला काढून
थेट काट्यावरच उभा राहिला.
साडेएकसष्ट. म्हणजे साठ.
पूर्वी चौऱ्याहत्तर होता.
डोक्यावरून कुणाचं तरी मोठं विमान गेलं,
भांडी वाजली, काटा हलला.
कुठे बसवशील मला? त्याने विचारलं.

थांब, म्हटलं,
बेरीज होऊ दे.