खळ

मी घरपट्टीचा माणूस.
मार्चअखेर दारं वाजवायची, पावती फाडायची,
शिव्या खायच्या, एवढंच येत होतं.
एप्रिलात पालिकेनं हातात पिवळे कागद दिले,
एक ब्रश, आणि म्हणाले, डकवत जा.

डिंक दुसऱ्याच दिवशी संपला.
मागणीपत्र लिहिलं. ते बंगळूरला जाऊन यायचं होतं म्हणे,
तोवर सूचना चार वेळा बदलली:
चौदा दिवस, मग एकवीस, मग दहा,
मग लक्षणं नसली तर कागदच नको,
मग रात्री साडेनऊला फोन, कागद पाहिजे.

वडगावात माग गप्प होते.
तेवढी शांतता त्या गल्लीला झेपत नव्हती,
माणसं कट्ट्यावर बसून उगाच पायानं ठेका धरायची.
अक्काताई मुचंडीकर म्हणाल्या, कशानं डकवालास?
थुकीनं? तेवढंच राहिलंय की आता.
आणि आत जाऊन खळ शिजवून आणली,
सुताला द्यायची ती, गरम,
डालड्याच्या जुन्या डब्यात.
अर्धं वडगाव मी त्या डब्यावर बंद केलं.

नकाशा साहेबांच्या टेबलावर.
तांबडी रेघ एका सामाईक भिंतीतून गेलेली:
अलीकडचा भाऊ झोनमध्ये, पलीकडचा मोकळा,
मोरी दोघांची एकच.
सर, मोरीचं काय?
सर म्हणाले, रेघ वरून आलीय.
आमच्याकडं रेघा वरूनच येतात,
वर कोण बसतं, ते तेवढं बदलतं.

मग आठवडाभर बाची नाक्यावर ड्युटी.
समोर शिनोळी. मधल्या पायवाटांवर
जेसीबीनं टाकलेले मातीचे ढीग,
बकऱ्या त्यावरून खुशाल ये-जा करत होत्या.
बटाट्याच्या ट्रकवरचा लुमाण्णा धामणेकर तिथं अडकला.
डाव्या हातावर त्यांचा शिक्का, मराठीत,
उजव्यावर आमचा, कन्नडात,
तारखांत चार दिवसांचा फरक.
शाई तीच, मतदानाची.
"कुठला हात आधी सुटतोय सांगा की,
त्या हातानं जेवतो."
कोणी हसलं नाही. साहेबांनी फोन लावला. लागला नाही.
लुमाण्णा दोन दिवस ढिगावर बसून होता,
दोन्ही हात मांडीवर उपडे,
वाळत घातल्यासारखे.

परत आलो तर यादीत मुचंडीकर.
डबा त्या सकाळी त्यांच्याच पायरीवरून उचललेला.
दार अर्धं उघडलं, तोंडावर पदर.
"वाच तरी, काय लिवलंय."
ई मनेगे भेटी नीडबेडी.
ह्या घरी कोणी येऊ नये, मावशी.
"मने म्हणजे घर, ते ठावं हाय रे,
जन्म गेला हितं. मनाचं काय लिवलंय का बघ."
मी खरंच खाली वाचून बघितलं.
जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावरून, एवढंच होतं,
आणि एक नंबर, जो कधीच कोणी उचलत नसे.
"कोपरे दाब नीट. खळ पातळ झालीया आज,
हात चालंना माझा."

सिव्हिलची गाडी आली तेव्हा
त्यांनी हात जोडले की नुसता हलवला
ते मला दिसलं नाही.
तोंडावरच्या प्लॅस्टिकवर माझाच श्वास साचला होता.

पुढच्या मार्चला पुन्हा पावतीबुक.
त्या दारावर कागद नव्हता,
कागदाएवढा फिकट चौकोन होता.
खळ चांगली होती, निघताना रंग घेऊन निघाली.
बिल अजून अक्काताईंच्याच नावानं;
नाव बदलायला दाखला लागतो, दाखल्याला अर्ज,
अर्ज कन्नडात, असं सगळं सांगायचं होतं.
सुनेनं बिल उलटसुलट बघितलं.
"ह्यात आता काय लिवलंय?"
मनेचंच हाय, म्हणालो.
आत माग सुरू होते. तिला ऐकू गेलं नसावं.
मी पुन्हा म्हणालो नाही.
तिनं पैसे दोनदा मोजले,
मी पावती फाडली.