तात्पुरती नोंद

काठमांडूहून पत्रक आलं, दीड पानी.
वही काही आली नाही.
अशा जोडप्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी,
कायदा होईपर्यंत, तात्पुरती.
खाली सही, तिच्याखाली दुसरी सही,
आणि स्कॅन करताना मध्ये आलेला कुणाचा तरी अंगठा.

मग मीच उतरलो बाजारात,
शंभर पानी वही घेतली कर्णध्वजच्या दुकानातून.
पुढे फुटबॉलपटू, मागे पाढे.
साठ रुपये. बिल अजून पास व्हायचंय.
पट्टी धरून रकाने आखले:
क्रमांक, तारीख, नावं, टोल, साक्षीदार, शेरा.
शेऱ्याचा जरा रुंद ठेवला.

देउकी जिरेल, वय एक्केचाळीस.
जुनेली घलान, वय अडतीस.
सोळा वर्षं एका चुलीवर.
वॉर्ड कार्यालयाच्या दाराशी चपला काढू लागल्या,
मी म्हटलं, दिदी, इथं चालतात चपला,
देऊळ नाहीये हे.
तरी अनवाणीच आल्या आत,
पौषातल्या गार फरशीवर.

नागरिकतेची कार्डं, फोटो, दोन साक्षीदार,
सगळं होतं.
घोडं अडलं छापील अर्जावर.
वर, आणि त्याच्यासमोर वधू.
वराच्या जागी कुणाचं नाव लिहू?
दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.
"छपरावर कोण चढतं?" साक्षीदार म्हातारा मध्येच बोलला,
मोठा न्यायाधीश असल्यासारखा.
"मी," देउकी म्हणाली. "पण शिडी ही धरते."
मी वर खोडलं. मग वधूही खोडलं.
खाडाखोडीवर सही लागते, नियम आहे.
केली.

जुनेलीनं विचारलं,
"नाचणीचं शेत हिच्या नावावर आहे. हिला काही झालं, तर?"
मी पत्रक पुन्हा वाचलं.
शेत हा शब्द नव्हता.
दवाखाना नव्हता.
मूल नव्हतं.
पान उलटून पाहिलं, मागे अर्धं कोरं.
"सरकारी काम," मी सुरुवात केली,
"आणि सहा महिने थांब," तिनंच पुरी केली म्हण,
आणि हसली, की हसल्यासारखं केलं,
मला नीट कळलं नाही.

म्हातारा म्हणाला, "तात्पुरतं म्हणजे किती दिवस?"

आता काय सांगू?
हे कार्यालय भूकंपाच्या वर्षी उभं केलं, तीन महिन्यांसाठी.
पत्र्याला तेव्हाच्या मदतीचा शिक्का अजून दिसतो.
नदीवरचा लाकडी पूल, ज्यावरून हे चौघं आले,
तोही नवा होईपर्यंतच होता.
माझी नेमणूक एका वर्षाची.
दर आषाढात कागद पुढे सरकतो,
नववा आषाढ झाला,
आणि बायको माहेरी अजून सांगते, पर्मनंट आहेत.

हे मी बोललो नाही.
वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: एक.
अनुक्रमांक एक.
शेऱ्यात "तात्पुरती" लिहायला हवं होतं,
लिहिलंही, पण अक्षर बारीक आलं.
शिक्का उमटवला तर शाई सुकलेली,
दुसऱ्यांदा दाबला, तो पहिल्यावर जरा तिरका बसला,
एकाच घराचे दोन शिक्के वाटावेत असा.

झेरॉक्स काढायची तर वीज गेली.
सगळे बाहेर उन्हात बसलो.
देउकीनं झोळीतून संत्री काढली,
सोलून एक फोड आधी हिला, मग म्हाताऱ्याला, मग मला.
कुणी काही खास बोललं नाही.
खालच्या शाळेची मधली सुट्टी झाली असावी,
आवाज येत होता.
जुनेलीनं तळहातावर बिया मोजल्या आणि कुंपणापलीकडे फेकल्या.

वीज आली तेव्हा चार वाजले होते.
आता वही उघडली की
पहिल्या पानावर, साक्षीदारांच्या रकान्यात,
रसाचा एक डाग आहे.
तपासणीला साहेब येतील, विचारतील.
मी अजून उत्तर ठरवलेलं नाही.
खाली नव्याण्णव पानं आहेत.