खिळ्यावरचा पुडा

सकाळी मोबाईल वाजला:
गेल्या वर्षी याच दिवशी आपण सहानुभूती पाठवली होती.
पुन्हा पाठवायची?
खाली दोन बटणं. दुसरं होतं, नंतर आठवण करा.

शकुकाकू गेल्या तेव्हा मी हैदराबादला,
एका मीटिंगमध्ये, कॅमेरा बंद करून.
यायला जमणार नव्हतं. हे वाक्य आता
जांभईसारखं आपोआप येतं.
म्हणून फुलं.

साइट म्हणाली, प्रसंग निवडा:
वाढदिवस, लग्न, माफी, सहानुभूती.
सहानुभूती साडेआठशेपासून, हवं तर सोबत टेडी.
पिनकोड टाकला, हिरवी खूण आली,
तीन तासांत नागपूर.
मे महिना होता. पारा पंचेचाळीसच्या वर.
फोटोतल्या लिलींना ऊन ठाऊक नव्हतं.

रात्री मिनूनं पाठवलं, जे पोचलं ते:
सेलोफेनमध्ये उकडलेल्या कळ्या,
कडा चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या,
आणि कार्डावर, लवकर बरे व्हा.
खाली माझं नाव. एकही चूक नाही त्यात.
मिनू चिडली नाही. म्हणाली, आई हसली असती गं.
ते जास्त लागलं.

मी तक्रार केली. कुणीतरी, किंवा कुणीच नाही,
माफी मागितली, दोनशेचं कूपन दिलं
पुढच्या प्रसंगासाठी.

मग बाबांच्या जुन्या डायरीतून नंबर काढला
गुरनुल्यांचा. गोकुळपेठ मार्केट,
भाजीची ओळ संपते तिथं, ओल्या गोणपाटाखाली मोगरा,
बर्फाची लादी, आणि रेडिओ, जो कधीच नीट लागत नसे.

कोण बोलून राहिलं?
मी, रामनगरच्या तिजारे मास्तरांची धाकटी.
दाताले तार होती, ते?
हो. शकुकाकूंच्या तेरवीला हार हवा होता.

हार नको, तो म्हणाला. ट्रकचा हॉर्न जाऊ दिला.
तिले हार नाही आवडे. म्हणे, गुरनुले,
देवाले मोकळी फुलं द्यावं, गळा आवळू नये.
पस्तीस वर्सं पुडा गेला न बाप्पा तिच्याकडं,
पळसाच्या पानात. तगर, एक जास्वंद,
दुर्वा फक्त चतुर्थीले.
उमललेला मोगरा वापस करे.
दोन रुपये वाढवले त चार दिवस बोलेना.

मी हसले बहुतेक. त्यानं ऐकलं नाही,
कारण तो पुढंच बोलत होता, जरा हळू:
ज्या दिवशी ते गेली, पोऱ्या सकाळीच जाऊन
फाटकाच्या खिळ्याले पुडा लटकवून आला.
त्याले मालूम नव्हतं. मले बी नाही.
दुसऱ्या दिवशी मालूम होतं, तरी लटकवला.
आजचा बी गेला.
आता तूच सांग, बंद कधी करू?
कोणाले विचारू?

साइटवर यासाठी एक बटण असतं.
मी गप्प.

मंग ऐक, तो म्हणाला,
तेरवीले तगर पाठवतो, टोपलीत, सुटी.
पैसे कधीबी पाठवजो.
अन् तिचे अकरा रुपये निघते माझ्याकडं,
महिन्याचे आगाऊ भरून ठेवे. त्याचं काय करू?

मी म्हटलं, अकरा रुपयांत जितके दिवस बसतील तितके लटकवा.
अकरा रुपयांत आता एक दिवसबी नाही होत, पोरी.
मग?
बरं, पाहतो.

तेरवीनंतर मिनू कुलूप लावून पुण्याला परतली.
परवा समोरच्या कोठेकरांचा फोन आला कशासाठी तरी,
बोलता बोलता म्हणाले,
फाटकावर रोज कोण पुडा लावतं कळत नाही.
गाय येते साडेआठला, खाऊन जाते.
पान तेवढं उरतं खिळ्याला.