पत्ते एकानेच वाटायचे

ग्युमरीत आमचं घर काळ्या तुफ दगडाचं.
भिंत हातभर जाड. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात हट्टी.
बैठकीतला राउटर नवा, पांढरा, कंपनीने दिलेला,
त्याचं बळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत.
पुढे दोन दांड्या, मग एक,
मग नुसतं गरगरणारं चाक.

आई मागच्या खोलीत असते, कारण शेगडी तिथे आहे.
नोवोसिबिर्स्कहून गारेगिनचा फोन आला की
खांद्यावर कोट टाकून बोळातल्या स्टुलावर येऊन बसते
आणि मुलाचा चेहरा चौकोनी तुकड्यांत बघते.
"दाढी वाढलीय का रे?" विचारते,
"की हे नेटच असं?"

शनिवारी मी ह्राचिक मामाचं खोकं उघडलं.
दुकान बंद केलं त्या आठवड्यात सगळं त्यात कोंबलेलं:
तीन कात्र्या, वस्तऱ्याचा पट्टा, पत्त्यांचा जोड, एक पान कमी,
आणि स्वतःच्याच वायरीत गुंडाळलेला काळा राउटर,
एका अँटेनाला चिकटपट्टी.
जाळीत अजून केस होते.
कुणाचे, कोण सांगणार. अर्ध्या गावाचे.

मागच्या खिडकीत ठेवून प्लग लावला.
हिरवा दिवा जरा विचार करून लागला
आणि फोनवरच्या यादीत नाव वर आलं:
'ह्राचिककडे बसा'.
आईने चष्मा लावून दोनदा वाचलं.
शेगडीत लाकूड सरकवलं.

माझ्या हातात टाचणी होती.
मागच्या बारीक भोकात दहा सेकंद दाबायची,
दहा सेकंदांत तो सगळं विसरतो.
"थांब," आई म्हणाली, "जेवणं होऊ देत."

जेवताना दार वाजलं.
पलीकडचा झावेन, काखेत पाव, हातात फोन.
"खिडकीखालून चाललो होतो, याने आपला आपणच पकडला.
मला वाटलं..."
काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही.
टोपी काढली. केस कानांवर आले होते.

टाचणी रात्री दाबलीच. इलाज नव्हता,
आतली किल्ली मामा कुणाला न सांगता घेऊन गेला.
दिवे विझले, परत लागले,
आणि तो कारखान्याचं कुठलंसं नाव सांगू लागला,
परक्यासारखं.
त्याला नवा आकडा दिला, शेवटी दोन.
मग ती ओळ: पत्ते वाटणं बंद.
एका घरात दोघे पत्ते वाटायला बसले
तर एकाच पाटावर दोन पाहुणे येतात, डाव फिसकटतो.
मामाला हे मुळीच चाललं नसतं.
दुकानात पिसायचाही तोच, वाटायचाही तोच;
दुसऱ्या कुणी जोड उचलला
तर अर्धी दाढी तशीच सोडून उठायचा.

वायर बोळातून, चौकटीच्या कडेने नेली.
दोन खिळे वाकडे बसले, बसू दिले.
टोक पिवळ्या भोकात. निळ्यात लावलं
की तो वेगळी चूल मांडतो.

राहिलं नाव.
दोघांचं नाव एक हवं, पासवर्डही एक,
म्हणजे खोली बदलताना फोन फारसा अडखळत नाही.
मी जुन्याला नव्याचं नाव देणार, तेवढ्यात
आई दारातून म्हणाली,
"नव्याला सांग की. तो तरुण आहे, शिकेल."

पासवर्ड आम्हाला पाठ होता,
कित्येक वर्षं तो दुकानातल्या आरशावर साबणाने लिहिलेला:
'आधीपैसेमगवायफाय'.

रविवारी गारेगिनचा फोन आला.
आई शेगडीपाशी, पायांत नुसते मोजे.
चेहरा आख्खा आला, कानांसकट, मागच्या भिंतीवरच्या ओलीसकट.
ती बराच वेळ बघत राहिली.
दाढी वाढलीच होती.