भरतीची रेघ

दैरच्या मजलिसमध्ये, गालिच्यावर
आम्ही नकाशा अंथरला.
चार कोपऱ्यांवर खजुरांच्या चार बशा.
माझं काम रंगांचं:
तांबडा म्हणजे धोका, पिवळा म्हणजे बघू,
हिरव्यावर कुणी बोट ठेवत नाही.

हाजी मक्की चष्मा न लावताच म्हणाला,
तुझा समुद्र चुकीच्या जागी आहे.
उपग्रहाचा आहे, मी म्हटलं.
मग उपग्रहाला एकदा भिजव.
आणि रांगत रांगत गेला
थेट विमानतळाच्या भिंतीपर्यंत, अंगठा दाबला:
इथे खाऱ्याच्या पोटात गोडा झरा होता,
बाप बुडी मारून पखाल भरायचा.
झरा आटला
आणि खाऱ्याला आमचं घर सापडलं.

आटलेल्या झऱ्याला माझ्याकडे रकाना नव्हता.
‘इतर’मध्ये लिहिलं.
पाणी अंगणात येतं त्याला त्याचा एक शब्द होता,
दोनदा विचारून घेतला,
तरी हात गुहागरचा, लिहिलं उधाणच.

खातून स्वर न चढवता बोलली:
ऑगस्टात दुपारी वीज जाते तेव्हा
आधी सासू, मग कोंबड्या, मग दूध,
या क्रमाने मी घर वाचवते.
तुमच्या कागदात क्रम कुठे?
सगळे हसले. मी सोडून.

मोफिजुल चहा देत होता.
त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.
ट्रेच्या कडेने त्याने बंदरामागची एक गल्ली शिवली
आणि कप मोजावेत तसं म्हणाला,
इधर तळघर. चौदा आदमी.
पिछले जाड्यात गादी तरंगली.

यादीत शब्द होता: स्थानिक.
मोफिजुलला इथे एकोणीस वर्षं.
माझी अकरा, पण मी ‘तज्ज्ञ’मध्ये.
लिही ना, हाजी म्हणाला,
पाण्याने काय त्याचा व्हिसा बघितला?

मी पेन्सिल घेतली, शाई साहेबांची.
चौदा माणसांएवढा ठिपका काढायचा
तर तो गल्लीत मावत नाही,
शेजारच्या बँकेवर चढतो.
खोडला. परत काढला.

नकाशा गुंडाळला तेव्हा
बशीचं एक चिकट वर्तुळ
समुद्रावर राहून गेलं होतं.
दुसऱ्या दिवशी ऑफिसात विचारलं,
हे काय, बेट?
मी लगेच नाही म्हटलं नाही.