बैरंग

पोस्ट ऑफिस म्हणजे आमच्या घराची पुढची खोली.
जागा सेवकानेच द्यायची, असा नियम.
वीजबिल माझं,
भिंतीचा पिवळा रंगसुद्धा माझ्याच दिवाळीतला उरलेला.

मंगळवारी खोलीला कुलूप लावलं,
चिठ्ठी चिकटवली : बेमुदत संप.
आणि मागच्या दाराने आत येऊन
तुरीच्या शेंगा सोलत बसले.
संपावर जायला मला अकरा पावलं लागली.

भिंत साडेचार इंची. पलीकडचं सगळं ऐकू येतं.

रामेश्वर हिवसे, खोकत :
"चार घंट्याची नौकरी, थेही घरबसल्या.
आनखी काय पायजे हिले?"
वेचणीला निघालेल्या बाया थांबल्या.
"चार घंटे? परवा माह्या दारात दिवे लागल्यावर आली होती बापा,
सायकल पंचर, हातात ढकलत."
"मागते तं मागू दे. तुह्या खिशातून देते काय?"
मग त्यांच्यातलीच एक, हळू :
"आमाले किलोमागं दहा भेटते.
आमी कोनापाशी करावं संप?"

कोणी बोललं नाही.
शेंग माझ्या हातात तशीच राहिली.

अंकुश तायडे पॅन कार्डासाठी आला,
चिठ्ठी मोठ्यानं वाचली,
"बेमुदत म्हंजे किती दिवस?" कुलपालाच विचारलं.
कृषी केंद्राचा झामरे म्हणाला,
"मोबाइलच्या जमान्यात पोस्ट लागते कोनाले? बंदच करून टाका."
आणि त्याच दमात,
"माही आरडी भराची राह्यली, दंड लागन काय?"

सहाव्या दिवशी गिरजाबाई उईके.
ती कुलपाशी बोलली नाही,
मागून आली, थेट चुलीपाशी.
निराधारचे पैसे. दर महिन्याला तिचा अंगठा
मी ओल्या फडक्यानं पुसते,
रेंजसाठी तिला गच्चीवर चढवते,
चौथ्यांदा, पाचव्यांदा कधीतरी हिरवा दिवा लागतो.
"मशीन मले म्हनते, तू गिरजा नाहीस," ती म्हणाली.
"तुले काय म्हनते सरकार?"

म्हणतं, तू कर्मचारी नाहीस. सेवक आहेस.

ती हसली, बोळकं उघडून, पोटभर.
मग डोळे पुसत : "पन पैसे कवा देशीन?"
डाळीच्या डब्यातले दोनशे काढून दिले.
यानं संप फुटतो का, ठाऊक नाही.
तालुक्याच्या मंडपात मी हे सांगितलं नाही.

आठव्या रात्री पेटीत काहीतरी पडलं.
नंतर खोकला, लांब लांब जाणारा.
किल्ली माझ्याच कमरेला होती.
उघडली नाही. संप म्हणजे संप.

अकराव्या दिवशी फोन आला : मिटला.
"काय भेटलं?" पारावरून आवाज.
आश्वासन. लेखी.
"मंग ठेव जपून," कोणीतरी म्हणालं,
आणि टोमणा होता की काळजी,
ते मला अजून कळलेलं नाही.

पेटीत एकच पाकीट.
मा. जिल्हाधिकारी साहेब.
विषय बाहेरच लिहिलेला, लाल पेनाने, खाली दोन रेघा :
पोस्टाच्या बाईची तक्रार.
तिकीट नाही.

बिनतिकिटाचं पत्र बैरंग जातं,
घेणाऱ्याने दुप्पट भरायचं.
साहेबांनी घेतलं नाही तर परत येईल,
आणि मलाच न्यावं लागेल हिवसेंच्या दारात,
पैसे मागायला.
ड्रॉवरमध्ये पाचाची तिकिटं होती.
हात गेला होता तिकडे, खोटं का बोलू.

ड्रॉवर बंद केला.
शिक्क्याची तारीख अकरा दिवस पुढे फिरवली
आणि मारला, नीट, पूर्ण गोल उमटेल असा.

पिनकोडमधला एक आकडा चुकला होता.
तेवढा दुरुस्त केला.